डबडेवहिनींचे कंदील

लग्न होऊन ती पहिल्यांदा नवऱ्याच्या घरी आली, तेव्हा ते घर दोन महिन्यांचं होतं आणि आणखी सहा महिन्यांनी मोडायचं होतं.

नवरा रोडरोलर चालवायचा. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. रस्ता जसा पुढे सरके, तशी मागची छावणी उठे आणि वीस-पंचवीस मैल पुढे नवी बसे. पत्र्याच्या खोल्यांची रांग, एक मेस, एक स्टोअर, साहेबांची कचेरी, डिझेलची पिंपं आणि खडीचे ढीग. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचवाला ते निदान सांभाळून नेता तरी येतं. यांचं बिऱ्हाड ट्रकवर चढायचं आणि निम्मं वाटेतच खिळखिळं व्हायचं. म्हणून छावणीतल्या बायका घरात काही ठेवायच्याच नाहीत. एक कॉट, एक स्टोव्ह, कपड्यांची दोरी. झालं घर.

तिची खोली दहा बाय बाराची. चारही भिंती पत्र्याच्या, दुपारी पाठ टेकली तर चटका बसेल अशा. एकच खिडकी, तीही खडीच्या ढिगाकडे उघडणारी. नवरा दारात अवघडून उभा होता. बायको आता रडणार, या खात्रीनं त्यानं दोन-तीन समजुतीची वाक्यं जुळवून ठेवली होती.

ती रडली नाही. तिनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली आणि म्हणाली, "पत्रा चांगला जाड आहे हो."

पत्रा तिला परका नव्हताच. तिचे वडील डबे-बादल्यांना डाग देणारे कारागीर. गळक्या बादल्या, फुटक्या चाळण्या, बूड गेलेली पिंपं, सगळं गाव त्यांच्याकडे यायचं. पोरगी सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून ती शेजारी बसून पत्र्याची कात्री चालवायला शिकली. वडील सांगायचे, "पत्रा कापायला कुणालाही येतो. कड दुमडतो तो कारागीर." कापलेली धार आतल्या बाजूला वळवून, हातोडीनं हलकेच चेपून बसवायची, म्हणजे वस्तू कुणाचा हात कापत नाही. ही एक गोष्ट तिनं माहेराहून आणली होती. बाकी एक ट्रंक.

दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या आणायला सांगितलं. त्याला वाटलं, स्टोव्ह पेटवायला हव्या असतील. तो दहा-बारा घेऊन आला. तिनं एकेक पिशवी उसवली. बाहेरचा थर सिमेंटनं माखलेला, अगदी आतलाही तसाच; पण मधले दोन थर स्वच्छ, बदामी रंगाचे, जाड. पिठाची खळ करून तिनं ते कागद भिंतीला आतून चिकटवले. चार दिवसांत खोलीचा रंग बदलला आणि दुपारची धगही थोडी मऊ झाली. रस्त्यावर पट्टे मारून उरलेला पांढरा रंग डब्याच्या तळाशी होता. त्यात काडी बुडवून तिनं छताखालून चौफेर ठिपक्यांची ओळ काढली. पिठाच्या पोत्याचं कापड चहाच्या पाण्यात उकळून त्याचा पडदा केला. कचेरीतून फेकून दिलेल्या निळ्या नकाशांची फुलं वळून ती बांधकामाच्या तारेवर गुंफली. नवऱ्याच्या फाटक्या पँटींच्या चिंध्यांच्या वेण्या घातल्या, त्या गोल गोल शिवून पायपुसणं केलं.

नवरा रोज संध्याकाळी येऊन काहीतरी नवंच बघायचा. शेवटी न राहवून म्हणाला, "अगं, सहा महिन्यांत उचलायचंय सगळं. भिंतींना कशाला नटवतेस?"

"सहा महिने आपण राहणार की नाही इथं?"

"राहणार."

"मग?"

त्यानं नव्या पायपुसण्यावर नीट पाय पुसले. पुढं एकतीस वर्षं छावण्यांत संसार झाला, पण हा प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही.

त्या वर्षी मोठे साहेब शहरातून पाहणीला आले, सोबत त्यांच्या बाई. साहेब रस्ता बघायला गेले आणि बाई वेळ घालवायला खोल्या बघत निघाल्या. स्टोअरकीपर पुढं पुढं करत दारं दाखवत होता. रोलरवाल्याच्या दारात आल्यावर बाई थबकल्या. आत भिंतीला एक फळी होती. तेलाचा मोठा डबा उभा कापून, कडा दुमडून, त्याचे तीन कप्पे केलेले. त्यात फणी, आरसा, सुई-दोऱ्याची डबी.

"अय्या, हे तेलाचं डबडं आहे की काय?"

"हो," ती कौतुकाची वाट बघत म्हणाली. "पंधरा किलोचं."

"आणि ते दिव्याभोवतीचं?"

"ते दूध पावडरीचं."

"म्हणजे सगळं घरच डबड्यांचं!" बाई हसल्या. स्वभावानं काही वाईट नव्हत्या, पण हसू आवरलं नाही त्यांना. मागं स्टोअरकीपरही फिदीफिदी हसला. आणि संध्याकाळी नळावर पाणी भरायला गेली, तर कुणीतरी हाक मारली, "काय डबडेवहिनी, आज उशीर?"

लोक नावं ठेवतात आणि कधी कधी ती चिकटतात. हे चिकटलं.

बादली तशीच ठेवून ती घरी आली. फळी भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेतली. मोडून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. अंगठा कडेवरून फिरला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला, कुठं अडला नाही, कुठं टोचलं नाही. तिनं पुन्हा फिरवला. तिन्ही कप्प्यांच्या कडा सारख्या, जणू एका मापानं छापल्या असाव्यात. तिच्या वडिलांनी हातात घेतली असती तरी खोट काढता आली नसती. मग तिचं तिलाच वाटलं, मी ही का मोडावी? हसतील त्यांचे दात दिसतील.

फळी पुन्हा भिंतीवर चढली. ती नळावर गेली आणि भरलेली बादली घेऊन आली.

वर्षं गेली. छावण्या बदलत गेल्या, एकदा माळावर, एकदा जंगलाच्या कडेला, एकदा तर कारखान्याच्या धुरात. लेक झाली. ती चार वर्षांची झाल्यावर डबडेवहिनींनी मेसमध्ये काम धरलं. मेसचा आचारी वयानं थोराड, जिभेनं तिखट, त्याला सगळे आचारीकाका म्हणत. दोनशे माणसांचं जेवण म्हणजे आठवड्याला पन्नासेक डबे रिकामे व्हायचे. इतरांना ते भंगार दिसे. वहिनींचे हात शिवशिवायचे.

आता त्यांच्याकडे पाहून इतर बायकाही थोडंफार करू लागल्या होत्या. कुणी पडदे रंगवले, कुणी लोणच्याच्या बरण्यांना दोरी गुंडाळून फुलदाण्या केल्या. पण पुरुषमंडळी मात्र डबडेवहिनी हे नाव गंमतीनंच घ्यायची. रागावण्याचं वय वहिनींचं निघून गेलं होतं. तरी आत कुठंतरी एक कुसळ होतंच.

मग आला घाटाचा रस्ता.

तिथली छावणी उंचावर, खाली जायला एकच कच्चा मार्ग. हिवाळ्याचे दिवस, वर्षाअखेरची मोठी सुट्टी चार दिवसांवर आलेली. सगळ्यांच्या पिशव्या भरून तयार. लेक तेव्हा चौदा वर्षांची, शाळेसाठी खालच्या शहरात तिच्या मावशीकडे राहायची. वहिनींनी तिच्यासाठी स्वेटर विणून ठेवला होता आणि दोघं नवराबायको सुट्टीत तिकडेच जाणार होते.

पहाटे मोठा आवाज झाला. कुणाला वाटलं सुरुंग चुकून उडाला. पण सुरुंग लावणारा माणूस तर आपल्या खोलीतून चड्डीवर धावत बाहेर आला होता. दरड कोसळली होती. खालचा मार्ग दीडशे पावलं गायब. कुणी दगावलं नाही, हे नशीब. कचेरीतल्या वायरलेसवरून खालच्या ऑफिसला कळवलं, सगळे सुखरूप आहेत, घरोघरी निरोप द्या. खालून उत्तर आलं, मार्ग मोकळा व्हायला आठ-दहा दिवस.

धान्य होतं, डिझेल होतं, पाणी होतं. पण माणसं कोमेजली. दीडशे माणसं, आणि प्रत्येकाचा जीव दुसरीकडे. दरड उपसायला तीस जण पुरत होते, तिथं जागाच तेवढी. वहिनींचा नवराही त्यात होता. बाकीचे दिवसभर कॉटवर पडून छताकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वेल्डर आणि एक डंपरवाला यांच्यात जुंपली. कारण काय, तर डंपरवाला म्हणाला, माझी मुलं वाट बघत असतील. आणि वेल्डर म्हणाला, एकदा बोललास, शंभरदा कशाला बोलतोस. ताट फेकलं गेलं. वेल्डरच्या कपाळाला खोक पडली.

आचारीकाकांनी पळी आपटली. "अन्न फेकता? उद्यापासून उपाशी ठेवतो एकेकाला!" पण आत येऊन वहिनींना हळूच म्हणाले, "कुणाला भूकच नाही गं. पातेली भरलेली परत येतात. माझ्या हाताची चव गेली की काय?"

"चव नाही गेली काका. हात रिकामे असले की डोकं भरतं." वहिनी बोलल्या आणि मागच्या दाराबाहेर बघत राहिल्या. तिथं चार महिन्यांत साठलेल्या डब्यांचा ढीग होता. स्वतःच्याही डोक्यात काय काय भरलंय, हे त्या कुणाला सांगणार? स्वेटर ट्रंकेतच होता.

सकाळी न्याहारी उरकल्यावर त्यांनी मेसच्या लांब टेबलावर चाळीस डबे धुऊन मांडले. शेजारी वाळूचं घमेलं, खिळ्यांचा खोका, चार-पाच हातोड्या. पुरुष दाराशी घुटमळले. स्टोअरकीपर तोच होता, केस पिकलेला. तो म्हणाला, "वहिनी, माणसं घराच्या आठवणीनं कासावीस झालीत आणि तुम्ही डबडी काय मांडलीत?"

"बसायचं असेल तर बसा. नसेल तर उजेड सोडा."

सगळ्यात आधी पुढं आला तो सुरुंगवाला. आडदांड, मिशाळ. "आम्ही डोंगर फोडतो वहिनी, डब्याला भोक पाडणं काय मोठं!" त्यानं डबा घेतला, खिळा ठेवला आणि हातोडी हाणली. खिळा या बाजूनं शिरून त्या बाजूनं बाहेर आला आणि डबा चपटा होऊन त्याच्या बोटांना चिकटला. दरड कोसळल्यापासून पहिल्यांदा मेसमध्ये हसू फुटलं.

"डोंगराला घाई चालते," वहिनी म्हणाल्या. "डब्याला चालत नाही. द्या इकडे."

त्यांनी दुसरा डबा घेतला. वाळू ओली केली, डब्यात मूठ मूठ घालून काठोकाठ ठासली. "आता आतून आधार आहे. ठोका पडला तरी पत्रा दबत नाही. खिळा फक्त पत्र्याच्या आत जाईल एवढाच मारायचा. टक्. बस्स. मग शेजारी दुसरा. भोकांची रेघ झाली की चित्र झालं. वाळू काढून आत मेणबत्ती ठेवली की तेच चित्र भिंतीवर."

सुरुंगवाल्यानं डबा पुढ्यात ओढला. खडू घेतला. आणि थांबला. "पण काढू काय?"

खरं तर वहिनींनी याचा विचारच केला नव्हता. फुलं, चांदण्या, असंच काहीतरी डोक्यात होतं. पण तोंडातून निघून गेलं, "घरच्या खिडकीतून काय दिसतं तुमच्या? ते काढा."

सुरुंगवाल्यानं खडू बोटांत फिरवला. मग म्हणाला, "नदी दिसते. आणि नावाडी."

"काढा मग."

तो काढू लागला. मागचे चौघे आले. मग आणखी सहा. जेवणाची वेळ झाली तरी टेबल रिकामं होईना. आचारीकाकांना पातेली जमिनीवर मांडावी लागली, आणि ती त्या दिवशी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी जागा मिळेना. डंपरवाल्यानं दोन वेण्यांची मुलगी काढली. तिला नाक कुठं द्यावं यावर पाच जणांत वाद झाला. एकानं पाण्याची टाकी काढली, एकानं रेल्वेचं फाटक, एकानं नुसतीच शेजाऱ्याची भिंत. "भिंतच दिसते हो आमच्या खिडकीतून! काय करू?" "मग भिंत काढ. विटा नीट काढ," वहिनी म्हणाल्या. कचेरीतला नकाशेवाला कधी कुणात मिसळायचा नाही. तो गुण्या घेऊन आला आणि सिमेंटच्या कागदाच्या चांदण्या घडवू लागला, प्रत्येक कोन मोजून. कुणाची घडी वाकडी दिसली की उलगडायला लावायचा.

वेल्डर कपाळाला पट्टी बांधून कोपऱ्यात बसला होता. डबा घेतला, पण खडू लावला नाही. तास गेला. मग तो खिळ्यानं भोकं पाडू लागला; आडव्या ओळी, उभ्या ओळी, सारख्या अंतरावर, डबाभर. दुसरं काही नाही.

डंपरवाला वाकून म्हणाला, "हे काय रे? चाळणी?"

"जाळी," वेल्डर म्हणाला. "अनाथाश्रमात होतो मी. खिडकीला जाळी होती."

डंपरवाल्यानं आपला खिळ्यांचा खोका वेल्डरच्या बाजूला सरकवला आणि दोघं एकाच खोक्यातले खिळे घेत राहिले.

स्टोअरकीपर शेवटी आला. आपला डबा दाखवत म्हणाला, "वहिनी, ते नाव मी ठेवलं होतं तुमचं."

"माहितीये मला."

"रागावला होतात?"

"तेव्हा रागावले होते. आता तुम्ही डबा उलटा धरलाय, तो आधी सरळ करा."

सुट्टीचा पहिला दिवस मावळला. अंधार पडायच्या आत कंदील टांगून झाले होते. मेसच्या वळचणीला, खोल्यांच्या दारांवर आणि मग अर्धवट रस्त्याच्या दोन्ही कडांना, दरडीपर्यंत, खांबांवर तारेनं बांधलेले. आचारीकाकांनी मेणबत्त्यांचे खोके उघडले, एकेकीचे तीन तुकडे केले. घाटावरचा वारा अंगावर येत होता. कागदाचे असते तर पेटून उडाले असते. पत्र्याचे होते, नुसते डुलले आणि तेवत राहिले.

आणि मग रस्त्यावर, खडीवर, पत्र्याच्या भिंतींवर ती सगळी चित्रं उतरली. नदी. टाकी. दोन वेण्या. विटा. जाळी. वारा आला की सगळी मिळून हलायची.

छावणीचे साहेब अबोल माणूस. कामगारांना ते टोळीच्या नंबरानं ओळखत. ते बाहेर आले, पहिल्या कंदिलाशी उभे राहिले. "हे काय आहे?" ज्याचा होता त्यानं सांगितलं. ते दुसऱ्याकडे गेले. "आणि हे?" शंभर पावलांचा रस्ता, साहेबांना चालायला तास लागला. प्रत्येकजण आपल्या कंदिलाशी उभा राहून आपलं घर दाखवत होता आणि साहेब ऐकत होते. शेवटी ते वहिनींपाशी आले.

"तुमचा कुठला?"

वहिनींच्या तेव्हा ध्यानात आलं. एकशे साठ कंदील झाले होते, कुणी कुणी दोन-दोन केले होते, त्यांचा एकही नव्हता. "माझा राहिला साहेब. गडबडीत."

साहेबांनी मान डोलावली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं छावण्या बघतोय. आज पहिल्यांदा गाव बघितलं."

वहिनींचा नवरा दरडीवरून नुकताच आला होता, डोक्यापासून पायापर्यंत मातीनं भरलेला. तो बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, जरा जास्तच ताठ, जणू सगळ्यांची शाबासकी त्यालाच मिळाली होती. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि आपणही ताठ उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुणी 'डबडेवहिनी' म्हणून हाक मारली तेव्हा आत काही टोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खालून दरड उपसणाऱ्यांनी ओरडून विचारलं, "वर काय लग्न होतं का काल? अख्ख्या खोऱ्यातून दिसत होतं!"

नवव्या दिवशी मार्ग मोकळा झाला. माणसं खाली उतरली, आणि प्रत्येकाच्या पिशवीत सदऱ्यात गुंडाळलेला एक डबा होता. लेकीनं स्वेटर घातला, बाह्या दोन बोटं आखूड झाल्या होत्या. तिला सगळी हकिकत आधीच कळली होती, कारण खालून दरड उपसणाऱ्यांकडून ती शहरात पोचली होती आणि डंपरवाल्याची मुलगी तिच्याच शाळेत होती. "आई," ती म्हणाली, "वर्गातल्या सगळ्यांना सांगितलंय मी, ती माझी आई म्हणून."

त्यानंतर घाटातली ती दीडशे माणसं फुटली. कुणी दुसऱ्या कंपनीत गेलं, कुणी धरणावर, कुणी पुलावर. रस्ता बांधणाऱ्यांचं तसंच असतं, भेटतात आणि पांगतात. वहिनी आणि त्यांचा नवरा आणखी सहा छावण्या फिरले. लेक नर्स झाली, तिचं लग्न झालं.

नवऱ्याची शेवटची नेमणूक किनाऱ्याच्या रस्त्यावर होती. कंपनी वेगळी, माणसं अनोळखी. ट्रकमधून उतरून दोघं मेसकडे गेले आणि वहिनी दारातच थांबल्या. वळचणीला पत्र्याचे कंदील टांगलेले होते. तीस-चाळीस असतील. काही जुने, गंजलेले, काही अगदी नवे.

आत एक क्रेनवाला चहा पीत बसला होता. बडबड्या, हौशी. नवीन बाई कंदिलांकडे बघतेय म्हटल्यावर लगेच उठून आला. "आवडले ना? ही आपल्या लाईनीतली जुनी पद्धत आहे मावशी. फार जुनी. कुठल्याशा घाटात सुरू झाली म्हणतात. मी धरणावर होतो, तिथं एका वेल्डरनं शिकवलं. छावणीत नवा माणूस आला की त्यानं एक करायचाच."

"असं होय?" वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याचं तोंड उघडलं. वहिनींनी त्याचा पाय दाबला. ते मिटलं.

"बसा, दाखवतो मी. अवघड नाही, धीर मात्र लागतो." क्रेनवाल्यानं डबा आणला, खिळे आणले. कसं धरायचं, कसं ठोकायचं, सगळं रीतसर समजावून सांगितलं. वहिनी मन लावून ऐकत होत्या. मध्ये एक-दोन प्रश्नही विचारले. नवरा चहाच्या पेल्यात तोंड खुपसून खोकत होता.

"आणि एक नियम आहे," क्रेनवाला म्हणाला. "फुलंबिलं काढायची नाहीत. घरच्या खिडकीतून जे दिसतं तेच काढायचं. तुमच्या खिडकीतून काय दिसतं मावशी?"

वहिनी थांबल्या. कुठलं घर? कुठली खिडकी? त्यांनी मनातल्या मनात एकेक पत्र्याची खोली उघडून पाहिली. माळ, जंगल, धूर, डोंगर, आता समुद्र. बाहेरचं दरवेळी निराळं. पण प्रत्येक खिडकीबाहेर, संध्याकाळी काम संपलं की, एक गोष्ट आणून उभी केलेली असायचीच.

त्यांनी खडू घेतला. हात सरावाचा होता; क्रेनवाला बघतच राहिला. अर्ध्या तासात भोकं पाडून, कड दुमडून, वाळू झटकून त्यांनी डबा उजेडाकडे धरला. मोठं गोल चाक, मागं लहान, वर छप्पर, आणि चालवायच्या जागेवर एक टोपी.

"रोलर!" नवरा ओरडला. पेला कलंडला. "माझा रोलर! अगं, पण धुरांडं राहिलं."

"राहिलं नाही, जागा सोडलीय. तुम्ही काढा."

वहिनींनी वाळू पुन्हा ठासून दिली आणि त्यानं खिळा घेतला. रोलर चालवणारे ते जाड हात जपून, जीभ दाताखाली धरून, ठोकू लागले. क्रेनवाला एकदा डब्याकडे, एकदा वहिनींकडे बघत होता. दुमडलेल्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही आधी केलेत का हो?"

"थोडेफार," वहिनी म्हणाल्या.

मग मात्र नवऱ्याला राहवलं नाही. "थोडेफार?" तो म्हणाला, आणि घाटाची सगळी गोष्ट दरडीपासून सांगायला बसला. सांगता सांगता कंदिलांची संख्या एकशे साठाची तीनशे झाली. वहिनींनी ती दुरुस्त केली नाही.

आता त्यांचं शहराच्या कडेला घर आहे. दोन खोल्या, विटांच्या, पुढं ओटा. गंमत अशी की, पत्र्याची खोली दुसऱ्या दिवसापासून सजवायला घेणाऱ्या या बाईंना इथं दोन महिने काही सुचेना. भिंत कोरीच. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "इथून हलायचं नाही ना, म्हणून हात चालत नाही. चुकलं तर जन्मभर बघत बसावं लागेल."

शेवटी वर्षाअखेरच्या सुट्टीच्या तोंडावर शेजारचा शिंपी रंगीत चिंध्यांचं एक मोठं गाठोडं घेऊन आला. लेकीच्या हॉस्पिटलात त्यांच्याबद्दल काहीबाही ऐकलं होतं म्हणे त्याच्या बायकोनं. "फेकणार होतो," तो म्हणाला. "बायको म्हणाली, तुम्हाला विचारावं. यातून काही होईल का हो?"

वहिनींनी गाठोडं ओट्यावर उपडं केलं. तांबडे, निळे, पिवळे, चौकटीचे, रेघांचे तुकडे पसरले. त्यांनी चष्मा लावला, मांडी घातली आणि रंग वेगळे करायला घेतले.

"बायकोला बोलवा तुमच्या," त्या म्हणाल्या. "आणि येताना दोन सुया जास्तीच्या आणा."